वरचा डावा दात

“वार सांगण्याआधी दहादा विचार कर. पण एकदा सांगितलास ना, की तो वार आपला राहत नाही. तो गिऱ्हाइकाचा होतो.”

लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात नवऱ्याने काकूंना हे सांगितलं होतं. नव्या नवरीला कोण काय सांगतं, कोण काय. काकूंच्या वाट्याला हे आलं. तेव्हा काकूंना हसू फुटलं होतं. आता तेहतीस वर्षांनी तोच आवाज कानात दिवसभर चालू असायचा, आणि हसू येत नव्हतं. रडूही येत नव्हतं. खरं सांगायचं तर काहीच येत नव्हतं.

नवरा दातांच्या कवळ्या बनवायचा. हाताला सदा गुलाबी मेणाचा वास, म्हणून लहानथोर सगळे त्याला मेणकाका म्हणत. वरच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर आणि त्यांच्या खाली ही लांबट खोली. डॉक्टर तोंडाचं माप घेऊन खाली पाठवायचे. त्या मापात प्लास्टर ओतून हिरड्यांचा साचा काढायचा हे काकूंचं काम. मग साच्यावर मेण चढवून त्यात एकेक दात बसवायचा ते काकांचं. शेवटी कवळी तयार झाली की तिला घासूनपुसून चकचकीत करायचं ते पुन्हा काकूंचं. “सुरुवात तुझी, शेवट तुझा, मधली लुडबुड माझी,” असं काका म्हणायचे. पण जीव मधल्या कामातच होता हे दोघांनाही ठाऊक होतं. काकूंनी उभ्या जन्मात एकही दात बसवला नव्हता.

त्या दोघांचा एक नेम होता. सकाळी स्पिरिटचा दिवा लावण्याआधी दोघांनी चारी तळवे टेबलावर उपडे ठेवायचे आणि म्हणायचं, “प्रभू, आजचे हात तुझे.” एवढंच. मग काडी ओढायची. तापात चुकलं नाही, भांडणात चुकलं नाही. लेक झाली त्या सकाळी तर काकांनी दवाखान्यातल्या खाटेच्या लोखंडी कडेवर हात ठेवायला लावले होते, आणि नर्स म्हणाली होती, “अहो, बाळाला तरी धरा आधी!”

दोन वर्षांपूर्वी लांबच्या डोंगराळ भागातल्या एका मिशन दवाखान्यातून पत्र आलं. तिथल्या मोठ्या सिस्टरनी लिहिलं होतं, की इथल्या म्हाताऱ्या माणसांना दात नाहीत, ती अन्न कुटून खातात आणि हसताना तोंडावर हात धरतात. कुणी वर्षभर येऊन राहील का? काकांनी पत्र वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. संध्याकाळी म्हणाले, “मला बोलावणं आलंय.”

“मला नाही ऐकू आलं,” काकू म्हणाल्या.

आणि दोन वर्षं त्यांना ऐकू आलंच नाही. लेक, नातवंडं, गुडघे, तिकडची थंडी, सगळी कारणं त्यांनी देवापुढे एकेक करून मांडली. काकांनी एकदाही रेटलं नाही. शेवटी एका रविवारी चर्चच्या उपासनेत काका ‘मी जातो’ म्हणायला उभे राहिले तेव्हा काकूही उठून उभ्या राहिल्या आणि सगळ्या मंडळीसमोर म्हणाल्या, “मीही जाईन.” गळ्यातून शब्द निघताना दाढ उपटल्यासारखं वाटलं, पण निघाला. मग खोली सोडायची ठरली. टेबल आणि यंत्रं एका दुकानदाराने घेतो म्हणून सांगितलं. दोन ट्रंका भरून, दोरीने आवळून दारामागे उभ्या राहिल्या.

आणि एका मंगळवारी, जेवणं झाल्यावर, अडीचच्या सुमाराला मेणाची सुरी हातात घेऊन बसलेले काका म्हणाले, “जरा दिवा बारीक कर गं.”

काकूंनी आधी दिवा बारीक केला. मग वळून बघितलं. तोवर ते टेबलावर वाकले होते आणि पुन्हा सरळ होणार नव्हते.

पाळकसाहेब आले. “देवाची योजना आपल्याला कळत नाही, ताई,” ते म्हणाले. काकू “हो” म्हणाल्या आणि विचारलं, चहात साखर किती घालू. मिशनच्या सिस्टरचं पत्र आलं: तुम्ही दिलेल्या शब्दातून तुम्हाला मोकळं समजा, मनाला लावून घेऊ नका. लेकीचा फोन आला: महिनाअखेरच्या शनिवारी मी गाडी घेऊन येते, तुझी खोली तयार आहे, खिडकीला पडदेही लावलेत. सगळ्यांनी काकूंना मोकळं केलं होतं. अडचण एवढीच होती की दोन वर्षं झगडून काढलेला तो होकार आता घ्यायलाच कुणी नव्हतं. पत्ता सापडला नाही म्हणून परत आलेल्या पार्सलासारखा तो त्यांच्याजवळ पडून होता.

सकाळचा नेम त्यांनी सोडला नाही. दोन हात टेबलावर ठेवायच्या, ओठ हलवायच्या, काडी ओढायच्या. शब्द टेबलावरून पुढे जातात की तिथेच पडून राहतात, याचा त्या विचार करत नसत. विचार करण्याइतकी धग उरली नव्हती.

काकांच्या मागे नऊ कवळ्या अर्ध्यामुर्ध्या राहिल्या होत्या. आठांमध्ये दात आधीच बसवून झाले होते. काकूंनी त्या पुऱ्या करून दिल्या. नववी त्या मंगळवारी काकांच्या पुढ्यातच होती. ताटलीत एक चिठ्ठी: ‘ड्रायव्हर’, आणि पुढे बरोबरची खूण.

मेणात बसवलेले दात काकूंनी उजेडात धरले आणि त्यांचा हात थांबला. पुढचे सगळे दात शिस्तीत, आणि वरचा डावा दात वाकडा! एका अंगावर वळलेला, शेजारच्यावर निम्मा चढून बसलेला. गर्दीत कोपर मारून पुढे घुसलेल्या माणसासारखा. काकांनी असा दात बसवावा? केसाएवढा फरक राहिला तर जेवण टाकून परत बसणारा माणूस!

मग काकूंना उमगलं. हात आधीच घसरायला लागला होता. त्यांना कळलं नाही, मला कळलं नाही, पण हाताला कळलं होतं.

त्या दाताकडे त्या तासभर बघत बसल्या. किती वळलाय, कुठे टेकलाय, खालची कड किती वर गेलीय, सगळं त्यांनी डोळ्यांनी पुन्हा पुन्हा चाचपलं. मग सुरी गरम केली, मेण सैल केलं आणि दात सरळ केला. सरळ करणं सोपं होतं, शेजारच्याला टेकवलं की झालं. शेवटच्या प्रवासाला निघालेल्या माणसाच्या शर्टाचं चुकलेलं बटण कुणी हलक्या हाताने नीट लावावं, तसं त्यांनी ते केलं. नंतर मेण वितळवून काढलं, त्याच्या जागी कवळीचा गुलाबी मसाला भरला, कवळी उकळून पक्की केली, घासली, चमकवली आणि डॉक्टरांकरवी ड्रायव्हरना निरोप धाडला: बुधवारी या.

ड्रायव्हर म्हणजे चाळीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेला गृहस्थ. मान ताठ, बोलणं मोकळं, पण दात काढल्यापासून गाल आत गेलेले आणि शब्दांतून हवा सुटायची. बुधवारी ते आले, खुर्चीवर बसले, कवळी तोंडात बसवली आणि आरशात बघत राहिले. उजवीकडून बघितलं. डावीकडून बघितलं.

“बसलीय ना नीट?” काकूंनी विचारलं.

“झकास बसलीय वहिनी. पण कुणाची आहे ही?”

“म्हणजे? तुमचीच.”

“माझी नाही. माझ्यात एक वाकडा होता.” त्यांनी पाकिटातून एक पिवळा पडलेला फोटो काढून टेबलावर ठेवला. लग्नातला. तरुण ड्रायव्हर तोंडभर हसत होते आणि वरचा डावा दात शेजारच्यावर निम्मा चढला होता, कोपर मारून.

काकू फोटोवर वाकल्या.

“हा फोटो काकांनी दोन दिवस ठेवून घेतला होता,” ड्रायव्हर सांगत होते. “सोमवारी मेणातली कवळी माझ्या तोंडात घालून दाखवली. मी म्हटलं, काका, हा दात चोरलात कुठून? इतका हुबेहूब! तर म्हणाले, सरळ दात कुणीही बसवेल हो, वाकड्यालाच घाम फुटतो.”

सोमवारी दुपारी काकू महिलांच्या प्रार्थनेला गेल्या होत्या.

म्हणजे हात घसरला नव्हता. मंगळवारी अडीच वाजेपर्यंत तो हात शाबूत होता, आणि त्याने शेवटचं जे काम केलं ते चोख केलं होतं. ते आपण पुसून टाकलं. दया म्हणून. 

“चूक माझी आहे,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं, त्यांच्याकडून चुकलंय.”

“चुकायचंच. कोण मुद्दाम वाकडा दात मागून घेतो?” ड्रायव्हरनी कवळी काढून हातात घेतली आणि पुन्हा गाल आत गेले. “मीही घेतला नसता. पण काय आहे वहिनी, आमच्या हिचं डोकं दोन वर्षं झाली, जरा इकडचं तिकडे होतं. लेकाला विसरते, गॅस विसरते. पण मला धरून होती. माझे दात काढले आणि तिथं मी खलास! म्हणते, ‘अहो, तुम्ही रोज येऊन बसता, बरं दिसतं का? आमचे हे ड्यूटीवरून आले तर काय म्हणतील?’”

ते हसले. हसताना तोंडावर हात गेला.

“मी म्हणतो, मी त्यांचाच दोस्त. तर परवा मला म्हणाली, दोस्त आहात ना, मग सांगा की त्यांना, लवकर घरी या म्हणावं.” त्यांनी फोटो काकूंकडे सरकवला. “हल्ली घाबरते मला बघून. परका माणूस घरात, घाबरणारच. लेक म्हणतो, बाबा, सोमवारपासून तुम्ही माझ्याकडे चला, आईजवळ नर्स ठेवू. त्याचंही चुकत नाही. मी म्हटलं, कवळी येऊ दे, एकदा बघू. नाही ओळखलं तर सोमवारी येतो गपचूप.”

“आणि ही घालून गेलात तर?”

“तर चांगल्या दातांचा परका माणूस.” त्यांनी कवळी टेबलावर ठेवली. “यात रिव्हर्स गिअर आहे का, वहिनी?”

होता. तो दात आणि शेजारचा असे दोन कोरून काढायचे, मेणात पुन्हा बसवायचे, नवा मसाला भरून पक्कं करायचं. पण बसवणारा हात मातीत होता. शुक्रवारी दुकानदार टेबल न्यायला येणार होता, शनिवारी लेक. हे सगळं सांगून हात जोडायचे म्हणून काकूंनी तोंड उघडलं, आणि म्हणाल्या, “शुक्रवारी.”

“शुक्रवारी?”

“सकाळी दहाच्या आत. मी स्वतः घरी आणून देते.”

बोलून गेल्यावर त्यांना कळलं, वार सांगून झाला. आता तो ड्रायव्हरचा.

संध्याकाळी लेकीचा फोन आला तेव्हा त्यांनी सांगितलं. लेक चाट पडली. “आई, तू कधी दात बसवलेस? अगं, डॉक्टर दुसऱ्या कुणाकडून करून घेतील. फोटो आहे ना?”

“फोटो नखाएवढा आहे. तो दात मी तासभर बघितलाय. दुसऱ्या कुणी नाही.”

“आणि नाही जमलं म्हणजे? आधीच तू... आई, मला तुझी काळजी वाटते गं. रडत नाहीस, बोलत नाहीस. बाबांच्या कामाला अशी चिकटून बसलीस तर कसं व्हायचं?”

“चिकटले नाही. वार सांगितलाय.”

“हे बाबांचं वाक्य आहे.”

“हो,” काकू म्हणाल्या. “त्यांचंच आहे.”

गुरुवारी सकाळी त्यांनी हात टेबलावर ठेवले. रोजचे शब्द म्हणायच्या आधी त्या थांबल्या. गेले चार आठवडे आपण मनात काय धरून बसलो होतो ते त्यांना टेबलावरच्या मेणाच्या कपच्यांइतकं स्वच्छ दिसलं. त्या मंगळवारी देवाचाही हात घसरला, असं त्यांना वाटत होतं. तोंडाने कधी म्हटलं नव्हतं; जन्मात म्हटलं नसतं. पण वाटत होतं, आणि त्या घसरलेल्या हाताची कीव करत त्या दर सकाळी तोंडदेखले दोन शब्द टाकत होत्या. हे दिसलं म्हणून काही उजळलं नाही. माफीही नीट मागता आली नाही. त्या फक्त म्हणाल्या, “मला एकदा चूक वाटलं ते चूक नव्हतं.” आणि मग, “प्रभू, आजचे हात तुझे.” काडी ओढली.

दोन दात कोरून काढायला तास लागला. भगदाड पडलेली कवळी साच्यावर ठेवून त्यांनी मेण ओतलं आणि पहिला प्रयत्न केला. दात वाकडा झाला, पण शिकवून ठेवल्यासारखा वाकडा. दुसऱ्या खेपेला इतका वळला, की ड्रायव्हर दरोडेखोर दिसले असते. तिसऱ्याला मेण जास्त तापलं आणि दात घरंगळून टेबलाखाली गेला. गुडघे दुखत असताना काकूंनी जमिनीवर रांगून तो शोधला. “वाकड्यालाच घाम फुटतो,” त्या स्वतःशी म्हणाल्या. काकांच्या आवाजात म्हणायला गेल्या, जमलं नाही.

मग त्यांनी फोटो पालथा घातला. डोळे मिटले. तो तास आठवला. किती वळलाय, कुठे टेकलाय, खालची कड किती वर. जे काकांची चूक म्हणून पाठ झालं होतं तेच आता हाताशी आलं. अंगठ्याने दात रेटत, बोटाच्या टोकाने कड चाचपत त्या जात राहिल्या, आणि एका जागी बोट आपोआप थांबलं. डोळे उघडून बघितलं. कोपर मारून पुढे घुसलेला, पण घरचाच.

काकूंनी फोटो उलटला, ताडून बघितला आणि पुन्हा पालथा घातला.

पुढचं काम हाताच्या सवयीचं होतं. प्लास्टर, मसाला, गरम पाणी, वाट बघणं. पाणी उकळत असताना त्यांनी उभ्यानेच पावाचा तुकडा खाल्ला. बायबलमधलं रोजचं शास्त्रवाचनही तिथेच केलं. खुणेच्या पानावर त्या दिवशी नुसती नावांची यादी आली होती, कुणाचा मुलगा कोण आणि त्याचा कोण. गोडी लागण्यासारखं त्यात काही नव्हतं. काकूंनी एकही नाव गाळलं नाही.

शुक्रवारी सकाळी त्या चाकावर कवळीला शेवटची चमक देत होत्या तेवढ्यात दुकानदार दोन हमाल घेऊन दारात हजर.

“काकू, गाडी खोळंबलीय रस्त्यात.”

“पंधरा मिनिटं.”

“पंधरा मिनिटांत पोलीस पावती फाडेल हो माझी!”

“मग गाडी फिरवून आणा एक चक्कर.”

काकू असं बोलतील असं दुकानदाराला वाटलं नव्हतं. तो मुकाट्याने स्टुलावर बसला. कवळी झाली तशी हमालांनी पॉलिशचं यंत्र उचललं, मग चावा तपासायचा बिजागरीचा लोखंडी जबडा, भट्टी, ताटल्या. दुकानदाराने स्पिरिटचा दिवा आणि मेणाची सुरी खोक्यात टाकायला उचलली.

“ते राहू दे,” काकू म्हणाल्या.

“हे? याचं आता काय करणार तुम्ही?”

काकूंनी दोन्ही त्याच्या हातातून घेतलं. दारामागच्या ट्रंकांपैकी वरच्या ट्रंकेची दोरी थोडी सैल केली, झाकण हाताएवढं उचललं आणि सुरी नि दिवा फडक्यात गुंडाळून आत सरकवला. दोरी पुन्हा आवळली. असं का केलं हे त्यांना कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. शनिवारी लेक यायची होती, तिच्याशी बोलायचं ते शनिवारी.

“टेबल घ्या रे!” दुकानदार हमालांना म्हणाला.

“जरा थांबा,” काकू म्हणाल्या, आणि रिकाम्या टेबलावर त्यांनी दोन्ही तळवे उपडे ठेवले. हमाल दोन्ही टोकांना वाकून तसेच उभे राहिले. एकाने डोक्याचं फडकं काढलं. काकूंचे ओठ हलले. आतून काही उसळून आलं नाही, काही उत्तर आलं नाही. लाकूड थंड होतं, एवढंच जाणवलं. शब्द मात्र पुरे झाले.

“घ्या आता.”

कवळी ओल्या कापसात ठेवून त्यांनी पत्र्याच्या छोट्या डबीत घातली. फोटो वेगळ्या कागदात. दोन्ही पिशवीत घालून पाहिलं, मग डबी पुन्हा बाहेर काढून हातातच घेतली. ड्रायव्हरच्या घरचा पत्ता त्यांनी एकदा मनात म्हटला: तीन थांबे, मग चौकातून उजवीकडे, निळं दार.

“काकू, परत यायला वेळ लागेल का? किल्ली कुणाकडे देऊ?” दुकानदाराने विचारलं.

“वर डॉक्टरांकडे द्या.”

नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. काकूंनी चपला घातल्या, दाराच्या दोन पायऱ्या गुडघा सांभाळत उतरल्या आणि डबी दोन्ही हातांनी पोटाशी धरून बसथांब्याकडे चालू लागल्या.